दिवसा लावलेलं दार

मी अंगणवाडी चालवते. दिवसभर पोरांची रडारड, मोबाइलवर भरायची माहिती, आणि घरी आले की पोरांच्या आया हजर. नांदूरघाटला आमच्या आळीत दिवसा कुणी दार लावत नाही, त्यामुळे कुणीही सरळ स्वयंपाकघरापर्यंत येतं. एकदा एकीशी बोलता बोलता मी रिकामं पातेलं गॅसवर चढवलं. ते जळून काळं पडलं तरी मला कळलं नाही. डोकं चालेनासं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी घरी आल्याबरोबर मी आतून कडी लावली. मोबाइल बंद केला, पाय धुतले आणि पंख्याखाली फरशीवर आडवी झाले. लगेच दार वाजलं. शेजारच्या काकू होत्या.

"अगं, कोण गेलं? का भांडण झालं?"

"कुणी न्हाई गेलं, काकू. जरा पडलेय."

"मग कडी कावून लावली?"

"पडायलाच लावली."

बाजेवरून सासूबाई म्हणाल्या, "लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या, आत्याबाई. चहाच्या वेळेला उघडते."

उघडलं तेव्हा बाहेर ओट्यावर काकू आणि पोरांच्या दोन आया अशा तिघी बसल्या होत्या, मयतीला आल्यासारखे चेहरे करून. मी त्यांना चहा दिला आणि सांगून टाकलं, "उद्याबी लावणार हाय. रोजच लावणार. चहाच्या वेळेला या."

"लई मोठी झालीस," म्हणत काकू रुसून उठल्या. मी त्यांना थांबवलं नाही. उरलेल्या दोघींचं बोलणं मात्र कितीतरी दिवसांनी मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं.