मोठ्या मायच्या वाट्याचं झाड

मी आज जो काही आहे तो मोठ्या मायमुळे. मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आई लवकर गेली तेव्हा तिनेच मला सांभाळलं आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर केलं. तिच्याकडे शेत नव्हतं. चंद्रपूरच्या बाहेर, आमच्या गावाच्या कडेला, घराकडे येणाऱ्या वाटेवर, एक मोहाचं झाड होतं.

झाड तिचं, म्हणजे गावाने मानलेलं. कोणत्या घराने कोणत्या मोहाखाली फुलं वेचायची हे आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं असतं. दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी टोपली नेत नाही. ती पहाटे फुलं वेचायची, अंगणात वाळवायची, बाजारात विकायची. माझी कॉलेजची फी त्यातूनच भरली गेली.

मी नोकरीला लागलो त्या सुमारास धानाच्या बांध्यांमध्ये चुना लावलेले दगड दिसू लागले. मग मुरमाचे रस्ते, विजेचे खांब, प्लॉट विकायच्या लेआउटचे बोर्ड. बघता बघता गाव शहराच्या हद्दीत गेलं. मोहाखालची जमीन दुसऱ्याची होती; तीही विकली गेली आणि झाडाभोवती घरं उभी राहिली. घरं घेणारी माणसं पोटासाठी कुठून कुठून आलेली, आमच्यासारखीच. त्यांच्यावर मला राग धरता येत नाही.

फुलं गळायच्या आधी मोहाखालचा पाला जाळून जमीन साफ करतात. मोठ्या मायने त्याही वर्षी काडी लावली. समोरच्या घरातून एक गृहस्थ धावत आले.

"ओ बाई, आग काऊन लावून राह्यल्या? गाडी उभी हाये इथी."

"मंग मोहाखाली काऊन उभी केली भाऊ? तिले बी फुलं वेचाचे हायेत का?"

लोक हसले, पण मला तक्रारीचा फोन आलाच. मी जाऊन माफी मागितली. पुढच्या वर्षी लेआउटवाल्याने बुंध्याला भिडवून सिमेंटचे गट्टू, म्हणजे फरसबंदीचे ठोकळे, बसवले. मला वाटलं, ती चिडेल. ती म्हणाली, "बरं झालं बाबू, पाला जाळाचं काम वाचलं." आणि खराट्याने गट्टू झाडून फुलं वेचायला बसली. त्यानंतर फुलं कमीच होत गेली. फांद्या वाळू लागल्या.

मागच्या हिवाळ्यात तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि ती पोंभुर्ण्याकडे लेकीच्या घरी गेली. ती तिकडे असतानाच एक वाळलेली फांदी कुणाच्या तरी अंगणात पडली. लोक घाबरले. झाड तोडायचं ठरलं. मी लेआउटवाल्याच्या ऑफिसात गेलो. तिथला माणूस सभ्य होता.

"सर, झाड तुमचं हाये असं कुठी लिहून हाये का?"

ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी गावातल्या दोन म्हाताऱ्यांना घेऊन पुन्हा गेलो. ते शपथेवर सांगायला तयार होते. त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. परवानगी मात्र आधीच निघाली होती.

लेकीच्या गावात फोन लागत नाही. लागला असता तरी मला बोलता आलं नसतं. मी पत्र लिहिलं. तिची नात वाचून दाखवते.

"मोठी माय,

आपला मोह काल तोडला. मी तिथीच उभा होतो. थांबवाले गेलो होतो, पण माह्यं कोणी आयकलं नाई. लाकूड पाहिजे का म्हणून मले विचारलं. मी नाई म्हटलं. तुले विचारल्याबिगर कसं घेऊ?

तू मले एवढं शिकवलं. चार लोकांत उभं राहून बोलता येते मले. मी बोललो बी. पण त्या शिकण्यानं तुह्यं झाड वाचलं नाई, हे तुले कसं सांगू, समजत नाई.

डाक्टरनं डोळ्याले पाणी लागू देऊ नको म्हटलं हाये, ते ध्यानात ठेव. घाईनं येऊ नको. मी घ्याले येतो. आपण मागच्या रस्त्यानं घरी जाऊ.

तुहा,
बाबू"