गंधकाच्या खोलीची कडी

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या रेनमार्कच्या मळ्यांत जानेवारीत, भर उन्हाळ्यात, जर्दाळू कापायला बसणाऱ्या बायकांच्या जागा ठरलेल्या असतात. थेक्ला नोस्केच्या शेडमध्ये दारापासून तिसरी जागा एल्वाची. थेक्ला तिची भावजय. एल्वा चौसष्ट वर्षांची होती. गावातल्या खाटकाशी तिने सदतीस वर्षे संसार केला होता. तो जाऊनही चार वर्षे झाली होती. फळ डाव्या हातात धरायचे, शिवणीवरून सुरी फिरवायची, बी बादलीत टाकायची आणि दोन्ही फोडी पोट वर करून ट्रेवर मांडायच्या. हे ती लहानपणापासून करत होती. सुरीसुद्धा वडिलांनी दिलेलीच होती; पाते झिजून निम्मे झाले होते.

२००४ सालच्या त्या हंगामात गंधकाच्या खोलीचे काम क्लेम लिबेल्टकडे होते. भरलेले ट्रे संध्याकाळी खोलीत रचायचे, खाली डब्यात गंधक पेटवायचे, दार लावून कडी घालायची आणि सकाळी ट्रे काढून उन्हात पसरायचे. धूर रात्रभर कोंडून राहिला तर जर्दाळू केशरी राहतो. निसटला तर उन्हात तंबाखूसारखा काळा पडतो. क्लेम कडी घालून दहा पावले जाई, परत येऊन ती ओढून पाही. पुन्हा जाई, पुन्हा येई.

“क्लेम, अरे जर्दाळू आहेत ते, कैदी नाहीत,” थेक्ला म्हणे. “पळून जायचे नाहीत.”

बायका हसत. एल्वा हसत नसे.

बेचाळीस वर्षांपूर्वीही हे काम क्लेमकडेच होते. तेव्हा मळा एल्वाच्या वडिलांचा होता, आणि ईस्टरनंतर दोघांचे लग्न ठरले होते. अकरा जानेवारीला, गुरुवारी, सकाळी खोलीचे दार सताड उघडे सापडले. छत्तीस ट्रे वाया गेले. ज्याला साधे दार लावता येत नाही त्याला मी मुलगी देणार नाही, असे वडील सगळ्या शेडसमोर म्हणाले. क्लेमने मान खाली घातली. आठवड्याच्या आत तो क्वीन्सलंडला, उसाच्या मळ्यांवर कामाला निघून गेला.

दार त्याने नीट लावले होते. एल्वाची सुरी वरच्या ट्रेवर राहिली होती. आदल्या रात्री जेवणाआधी ती गेली, कडी काढली, सुरी उचलली. धूर डोळ्यांत गेला, आणि ती तोंडावर ॲप्रन धरून घराकडे पळाली; कडी घालायची राहून गेली. दुसऱ्या दिवशी वडिलांच्या भीतीने ती गप्प राहिली. तिसऱ्या दिवशी, काल का बोलली नाहीस, याचेही उत्तर द्यावे लागले असते. पुढे क्लेमचा पत्ताच कोणाला ठाऊक नव्हता.

बायको वारल्यावर, मागल्या हिवाळ्यात तो परत आला आणि नदीकाठच्या एका लहान घरात राहू लागला. नाताळच्या आठवड्यात त्याने एल्वाला सरळ विचारले, दोन खोल्या आहेत, व्हरांड्यात सकाळचे ऊन येते, येतेस का राहायला? ॲडलेडला लेकीने आईसाठी खोली रंगवून ठेवली होती, एक फेब्रुवारीपासून. हंगाम संपला की सांगते, असे एल्वा दोघांनाही म्हणाली. क्लेमकडे जायची तिची इच्छा होती. पण कडीचे सांगितल्याशिवाय जाता येत नव्हते, आणि ते ऐकल्यावर तो बोलावील असे वाटत नव्हते.

शेवटच्या दिवशी पारा एक्केचाळीस अंशांवर गेला. जेवणाच्या सुटीत बायका झाडाखाली आडव्या झाल्या. क्लेम वाळवणीच्या मैदानावर एकटाच सुकलेले ट्रे गोळा करत होता. एल्वा चहाचा थर्मास घेऊन तिकडे गेली, आणि त्याने पेला हातात घेतल्यावर तिने सगळे सांगितले, वाक्ये न तोडता, वडिलांना दोष न देता.

क्लेमने चहा संपवला.

“बेचाळीस वर्षं मी कड्या ओढून बघतोय,” तो म्हणाला. “गाडीच्या, खुराड्याच्या, हॉटेलातल्या खोल्यांच्या. माझी बायको वैतागून जायची. म्हणायची, तुझं डोकं तपासून घे.”

“मला माहीत आहे. रोज बघते मी.”

“तेव्हा एक शब्द बोलली असतीस, एल्वा.”

“हो.”

त्याने दोन ट्रे एकावर एक ठेवले. मग विचारले, “सुरी सापडली होती का?”

“सापडली होती.” तिने ॲप्रनच्या खिशातून काढून दाखवली. “हीच.”

त्याने पात्यावरून अंगठा फिरवला, सुरी परत दिली आणि कामाला लागला. दुपारभर तो तिच्या बाकाकडे आला नाही. भरलेले ट्रे न्यायला त्याने दुसऱ्या माणसाला पाठवले. लेकीला रात्री फोन करून खोली घेते म्हणून सांगायचे, असे एल्वाने ठरवले.

साडेसहाला शेवटची रास खोलीत गेली. क्लेमने गंधक पेटवले, दार लावले, कडी घातली आणि नळाकडे हात धुवायला गेला. बायका ॲप्रन सोडता सोडता थांबल्या.

“आज एकदाच?” थेक्लाने विचारले. “बरं वाटत नाहीये का रे?”

“एल्वा बघेल,” तो हात धूत, मागे न वळता म्हणाला.

एल्वा उठली. फडक्याला सुरी पुसून तिने खिशात ठेवली, मैदान ओलांडून खोलीपाशी गेली आणि कडी ओढून पाहिली. पक्की होती. दहा पावले गेल्यावर ती परत फिरली आणि पुन्हा ओढून पाहिली.

मग ती नळाकडे गेली. क्लेमने तिच्यासाठी नळ चालू ठेवला होता. हात पाण्याखाली धरत ती म्हणाली, “लेकीला सांगते, खोली भाड्याने दे.”