पलीकडचा गूळ

खुशालरावांची तीन महिन्यांची मेहनत मी एका संत्र्यात संपवली. संत्रं शेंदूरजनाघाटचं होतं, अंबिया बहाराचं होतं आणि चवीला फार गोड होतं. त्याला दोष देता येत नाही.

पातूरजवळच्या एका खेड्यात माझी सासुरवाड. खुशालराव हे बायकोचे चुलतकाका, वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे शाबूत. मी त्यांच्याहून सात वर्षांनी लहान, अमरावतीच्या एका कचेरीतून निवृत्त झालेला आणि पोटाने त्यांच्या बराच पुढे गेलेला. तरी त्या गावात मी अजून ‘जवाईबापू’. डिसेंबरात संत्र्यांची पेटी घेऊन गेलो, तर काकू म्हणाल्या, “ते शेतात घोडी कुदवून रायले.” मी चार संत्री जाकिटाच्या खिशात टाकली आणि शेताकडे निघालो.

काळ्या रानात चार हात रुंदीचा एक चर खणलेला होता. अलीकडच्या काठापासून थोडी दूर एक तांबूस घोडी एकटीच उभी होती. तिचं नाव सुपारी. खुशालराव चराच्या पलीकडे पाठमोरे बसून एका फरशीवर काहीतरी ठेवत होते. इतकी देखणी घोडी समोर, आणि आपण जावई. रिकाम्या हाताने भेटायचं कसं? मी एक संत्रं सोलून तिच्यापुढे धरलं. तिने ते अशा हळुवार ओठांनी उचललं की माझ्या आजवरच्या कोणत्याही साहेबाने माझा अर्ज तसा घेतला नसेल.

खुशालराव परत आले, मला मान हलवून रामराम केला आणि नुसत्या घोंगडीवर टांग टाकून बसले. सुपारी दौडत सुटली. चराच्या काठाशी आली आणि जागच्या जागी थांबली. खुशालराव तिच्या मानेवर गेले आणि आयाळ धरून कसेबसे टिकले. सुपारी वळली, शांतपणे चालत माझ्याकडे आली आणि माझ्या खिशात नाक घातलं.

खुशालरावांनी खाली पडलेली साल पाहिली.

“काय चारलं?”

“संत्रं.”

“कुठीसा?”

“इथंच की.”

“चराच्या अलीकडे?”

“हो.”

ते खाली उतरले. घोडीच्या मानेवरून हात फिरवत म्हणाले, “मंग आता थे पलीकडे कायले जाईन, जवाईबापू? तिच्या जागी तुमी असते तं गेले असते काय?”

मी गेलो नसतो. मी तर सबंध नोकरी अलीकडेच काढली.

संध्याकाळी ओसरीवर चहा पिताना मला माझ्या अपराधाचा आकार कळला. खुशालरावांचे आजोबा एका जहागीरदाराच्या पागेत होते. शिकारीसाठी घोडे तयार करायचे. त्या काळी हरणामागे नि डुकरामागे घोडे घालत. या काळ्या जमिनीत पावलोपावली ओघळी, चर, नाले. चराच्या काठाशी अडलेला घोडा आपल्या धन्याला एकट्यालाच पुढे पाठवतो. म्हणून घोड्याला आधी चर शिकवायचा, मग शिकार. पुढे शिकारीला कायद्याने बंदी आली, पागा मोडली, घोडे वरातींना गेले. आजोबांनी एक घोडी ठेवून घेतली आणि विद्या पोरांत ठेवून गेले.

“शिकार बंद झाली,” खुशालराव म्हणाले, “पन रोही कुठी बंद झाले?”

रोही म्हणजे नीलगाय. नाव गाईचं, अंगकाठी घोड्याची आणि भूक एखाद्या लग्नघराची. हरभऱ्याला घाटे धरू लागले की डोंगराकडून कळप उतरतो आणि एका पहाटेत दोन एकर साफ करतो. गावाने सगळं करून पाहिलं होतं. बुजगावणी उभी केली, तर रोही त्यांना अंग घासू लागले. शेताभोवती जुन्या साड्या बांधल्या. पहिले आठ दिवस भ्याले, नवव्या दिवशी एक नर डोक्यावर पदर घेऊन हरभऱ्यात उभा. कोणीतरी वाघाची डरकाळी काढणारं यंत्र आणलं. त्या यंत्राच्या भोवतीचा हरभरा सगळ्यात आधी संपला. शेवटी गावाने शिवेवर सहा हात रुंद चर खणला. त्याने डुकरं थांबली. रोही मात्र तो सहज ओलांडत, पलीकडे जाऊन उभे राहत आणि काठावर काठ्या आपटणाऱ्या माणसांकडे पाहत रवंथ करीत. माणसं घरी गेली की परत.

फक्त घोड्याला ते भीत. त्यांच्यामागे चर उडून येणारा घोडा या पंचक्रोशीत एकच होता, खुशालरावांची जुनी घोडी मैना. यंदा मैना बावीस वर्षांची झाली होती आणि तिचा एक डोळा गेला होता. सुपारीला तिची जागा घ्यायची होती. हरभरा फुलावर आला होता. घाटे धरायला फार तर पंधरा दिवस.

“आणि म्यां तुमाले जेवाले बलावलं,” काकू, म्हणजे पार्वताबाई, रात्री माझ्या ताटात भाकरी टाकत म्हणाल्या. “चुकलंच माहं.”

अपराध माझा, म्हणून मी मुक्काम वाढवला. दुसऱ्या दिवशी खुशालरावांनी सुपारीला पुन्हा पहिलीत बसवलं. ना चाबूक, ना शिवी, ना माझ्याकडे एकही वाकडी नजर. पातेलंभर चुलीतली राख आणली आणि जमिनीवर एक रेघ ओढली. ही त्यांची पहिली पायरी. घोड्याने ती रेघ ओलांडली की पलीकडे गुळाचा खडा. मग रेघेच्या जागी नांगराचं एक तास, म्हणजे फाळाने पाडलेली चरी. मग वीतभर चर, हातभर, दोन हात, असं वाढत जायचं. गूळ कायम पलीकडे. अलीकडे घोड्याला हिरवी काडीसुद्धा द्यायची नाही. आणि एक नियम त्यांनी माझ्यासमोर न चुकता पाळला. प्रत्येक चर आधी ते स्वतः ओलांडायचे, घोडीच्या देखत, पायी. राखेची रेघसुद्धा. अडुसष्ट वर्षांचा माणूस धोतराचा काच्या मारून राखेच्या रेघेवरून गंभीरपणे उडी मारतो, हे पाहून मला पहिल्या दिवशी हसू आलं. तीन हातांच्या चरावरून तेच धोतर वाऱ्यासारखं गेलं, तेव्हा हसू कुठे गेलं ते मी शोधलं नाही.

“सहा हाताचा कसा उडता?” मी विचारलं.

“नाई उडत. उतरतो नि चढतो. पन पलीकडे पयले मीच जातो. आपन गेलो नाई तिथी जनावराले कावून धाडाचं?”

“आणि तरी ती भ्याली तर?”

“घोड्याले चर दिसत नाई, जवाईबापू. त्याले वरच्या मानसाचं भेव दिसते.”

माझ्या हाताखाली बावीस वर्षं चौदा माणसं होती. त्यांना काय काय दिसलं असेल, कोण जाणे.

पण सुपारीची अडचण वेगळीच झाली होती. तिला गुळाची आठवण राहिली नव्हती. ती रेघेशी यायची आणि माझा खिसा शोधायची. मी घरी थांबलो तर मान वळवून वळवून रस्त्याकडे पाहायची. तिसऱ्या दिवशी खुशालरावांनी निकाल दिला.

“थे तुमच्या खिशाकडे पायते. मंग खिसा पलीकडे गेला पायजे.”

“मी पलीकडे जाऊन उभा राहतो.”

“उभं रायनं नाई. तिच्या देखत कुदून जाचं.”

माझ्या आयुष्याच्या बासष्टाव्या वर्षी माझं शिक्षण असं राखेच्या रेघेपासून सुरू झालं. सकाळी सातला आम्ही दोघं, सुपारी आणि मी, शाळेला हजर. आधी खुशालराव उडी मारत, मग मी, मग ती. गूळही बाद झाला. पलीकडे पोचलं की तिला एक फोड आणि मला पाठीवर एक थाप. काकू बांधावर बसून हरभऱ्याची भाजी खुडत असत.

“माह्या लग्नाले पंचेचाळीस वर्सं झाले, जवाई,” एके दिवशी त्या म्हणाल्या. “या मानसानं मले कधी हातानं गुळाचा खडा देल्ला नाई. घोडीले रोज.”

“तू कधी चर कुदली?” खुशालराव म्हणाले.

“तुमच्या घरात आली, थे काय होतं मंग?”

खुशालरावांनी घोडीचा पट्टा विनाकारण एकदा सोडून पुन्हा बांधला. त्या दिवशी दुपारच्या जेवणात काकूंच्या ताटाशी एक गुळाचा खडा होता. तो कोणी ठेवला याची चर्चा झाली नाही.

दहाव्या दिवशी चार हातांचा चर. तोच, जिथे मी संत्रं सोललं होतं. खुशालराव गेले. मी मागे सरलो, पळालो, आणि काठापर्यंत सगळं व्यवस्थित झालं. पुढचं पाऊल पलीकडच्या काठावर पडलंसुद्धा. बाकीचा मी मात्र वेळेवर पोचलो नाही. काठाचं ढेकूळ सुटलं आणि मी पाठीवर चराच्या तळाशी. खिशातली संत्री माझ्याआधी पलीकडे पोचली होती.

हाका माराव्यात म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात जमीन थरथरू लागली. काळ्या मातीला पाठ टेकलेली असली की टापा ऐकू येत नाहीत, छातीत वाजतात. वर आभाळाची एक निळी पट्टी होती. त्या पट्टीत अचानक सुपारी आली. आधी दुमडलेले पुढचे पाय, मग पिवळसर पोट, त्यावर ताणलेल्या शिरा, मग खुशालरावांचा अनवाणी पाय, पोटाला जेमतेम टेकलेला. एक क्षण ती तिथे नुसती होती. जाण्याची कसलीच घाई नसल्यासारखी. मग मागचे खूर गेले, थोडी माती माझ्या तोंडावर पडली आणि आभाळ पुन्हा रिकामं झालं.

मी पुष्कळ देवळांतून उताणा झालेला माणूस आहे, छतावरची कोरीव कामं पाहण्यासाठी. असं छत मी पाहिलेलं नाही.

पलीकडून खुशालरावांचा आवाज आला, “पडूनच ऱ्हा. अजून एकडाव येते.”

आणि ती तीनदा गेली.

चौदाव्या दिवशी पहाट फुटताना रोही आले. सतरा होते, निळसर काळा नर पुढे. आदल्या दुपारी खुशालराव सुपारीला शिवेच्या चराशी घेऊन गेले होते, तिच्या देखत आत उतरले होते, धापा टाकत वर चढले होते आणि परत आले होते. एवढंच. तिला तो त्यांनी उडवला नव्हता. “दाखवून ठेवला,” म्हणाले.

मी आणि काकू बांधावर उभे होतो. माझा खिसा रिकामा होता. ती ताकीदच होती. हरभऱ्यातून खुशालराव निघाले तसा कळप नेहमीसारखा पळाला, शिवेचा चर एकेक करून ओलांडला आणि नेहमीसारखा पलीकडे थांबून मागे वळला. नराने रवंथ सुरूही केला होता. काकूंनी माझं मनगट धरलं. पंचेचाळीस वर्षं त्या हे पाहत होत्या, आणि पंचेचाळीस वर्षं त्यांनी असंच कोणाचं तरी मनगट धरलं असणार.

सुपारी काठाशी आली. पलीकडे ना गूळ होता, ना संत्रं, ना माझं जाकीट. होते ते सतरा रोही. तिचे कान पुढे झाले. खुशालरावांनी लगाम आवळला नाही, टाच मारली नाही. हात सोडून दिल्यासारखा तिच्या मानेवर ठेवला. आणि सहा हात काळी जमीन तिच्या खालून निघून गेली.

त्या नराच्या तोंडातला घास तसाच राहिला. मग सतराच्या सतरा डोंगराच्या दिशेने असे सुटले की धुळीशिवाय काही दिसेना. त्या धुळीच्या मागे म्हाताऱ्याचं पांढरं पागोटं एक लहान ठिपका होईपर्यंत जात राहिलं.

काकूंनी मनगट सोडलं. “चाला, चहा मांडते,” म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र नेहमीचा नव्हता.

उन्हं वर आल्यावर खुशालराव सुपारीला चालवत परतले. दोघांच्या अंगातून वाफ निघत होती. हरभरा जागच्या जागी हिरवा होता. मला खूप काही बोलायचं होतं: त्यांच्या आजोबांविषयी, त्या हाताविषयी, मी चरातून पाहिलेल्या आभाळाविषयी. कचेरीतल्या शब्दांवर पोट भरलेला माणूस मी, पण तोंडातून निघालं ते एवढंच, “काका, पुढची घोडी शिकवाल, तेव्हा मी पुन्हा मदतीला येऊ?”

खुशालरावांनी सुपारीच्या तोंडावरचा फेस धोतराच्या सोग्याने पुसला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले,

“या, पन खिसे शिवून या.”