हलल्यासारखं वाटलं

स्वतःच्या डोळ्यांवर, कानांवर आणि जिभेवर माझ्या थोरल्या साडूंइतका अविश्वास दाखवणारा माणूस डहाणूपासून अच्छाडच्या नाक्यापर्यंत दुसरा झाला नसेल. माणसांवर मात्र त्यांचा विश्वास आंधळा. कोणीही दारात येऊन काहीही सांगावं आणि त्यांनी ते खरं मानून चहा टाकायला सांगावा. संशय होता तो फक्त स्वतःच्या पाच इंद्रियांवर. "पाच साक्षीदार आहेत साडूभाऊ, आणि पाचही फितूर," असं ते म्हणत, आणि तेही इतक्या मायेनं की घरातल्या पाच वांड पोरांबद्दलच बोलत असावेत. ते तलासरी तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक होते. अख्खं गाव त्यांना गुरुजी म्हणे, म्हणून मीही गुरुजीच म्हणायचो. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची ताई.

२०१४ साली माझी त्या भागात बदली झाली आणि आम्ही डहाणूत बिऱ्हाड केलं. तोवर साडू म्हणजे लग्नकार्यात शेजारच्या पाटावर बसणारा माणूस, एवढीच माझी ओळख. पहिल्याच रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेलो तर पाय धुवायच्या आधी त्यांनी माझ्यापुढे तीन पातेली मांडली. एकात गरम पाणी, एकात माठातलं गार, मधल्यात कोमट. एक हात गरम पाण्यात, दुसरा गारात घालून मी पाहुण्याच्या अदबीनं उकिडवा बसलो. थोड्या वेळानं दोन्ही हात मधल्या पातेल्यात घालायला लावून त्यांनी विचारलं, "आता सांगा, हे पाणी कसं आहे?" एका हाताला ते गार लागत होतं, दुसऱ्याला गरम. मी म्हणालो, "गुरुजी, पाण्यालाच विचारा." या उत्तरानं ते इतके खूष झाले की पुढची चार वर्षं भेटेल त्याला माझी ओळख "पाण्यालाच विचारा म्हणणारे आमचे साडू" अशीच करून देत. आतून ताईचा आवाज आला होता, "पातेली मोकळी करा, मला भात लावायचा आहे. भूक खरी आहे की तीही फितूर?"

आमटीत मीठ जास्त झालं तर ते "आमटी खारट आहे" असं कधी म्हणाले नाहीत. "मला खारट लागते आहे, तुमचं काय?" असं पंगतीत प्रत्येकाला विचारत, आणि बहुमत विरुद्ध गेलं तर निमूटपणे तीच आमटी आणखी वाटीभर घेत. एकदा नरपडला आम्ही मासळी घ्यायला गेलो. टोपलीवर वाकून त्यांनी कोळणीला विचारलं, "बाई, हे बोंबील ताजे आहेत की ताजे दिसतात?" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मास्तर, तुमी मानूस हाव का मानसासारके दिसता?" गुरुजींनी मान खाली घालून चांगला मिनिटभर विचार केला आणि म्हणाले, "याचं उत्तर मला देता येत नाही." तिनं हसत दोन बोंबील वर टाकले.

शाळेतही तेच. महालक्ष्मीचा डोंगर गंजाडच्या बाजूनं एक दिसतो, हायवेवरून दुसराच, म्हणून ते पोरांना दोन्हीकडे नेऊन चित्रं काढायला लावत आणि सगळी चित्रं भिंतीवर लावत. कोणाचंही चूक नाही. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी दुसरीतल्या पोराला विचारलं, "फळ्याचा रंग कोणता?" पोरगं उभं राहून म्हणालं, "मला काळा दिसतो. तुम्हाला?" साहेबांना ते रुचलं नाही, त्यांनी तसा शेरा लिहिला. त्या शेऱ्याचा कागद माझ्याच टेबलावर आला, कारण शाळांची कागदपत्रं जिथे येतात त्या कार्यालयात मी कारकून होतो. मी तो फायलीत तळाला घातला आणि मनातल्या मनात हसलो. पण खरं सांगायचं तर थोडी लाजही वाटली. ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं की हे माझे साडू.

२०१८ ची दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या होत्या. एका रविवारी आमच्याकडे जेवता जेवता गुरुजी म्हणाले, "गेले आठ दिवस शाळेत मला जमीन हलल्यासारखी वाटते." माझी बायको वाढता वाढता म्हणाली, "भावोजी, तुम्हाला काय नाही वाटत!" आम्ही सगळे हसलो. तेही हसले. पण त्या दिवशी त्यांनी भात घेतला नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांनी चारही वर्ग बाहेर चिंचेखाली बसवले. गावात कोणी म्हणे, खाणीत सुरुंग लावतात. कोणी म्हणे, हायवेला मोठे ट्रक जातात त्याचा धक्का. बाकीच्यांना काहीच जाणवलं नव्हतं. पोरं उन्हात बसतात, अशी तक्रार आमच्या कार्यालयात आली. साहेब मला म्हणाले, "तुमचेच पाहुणे ना? जाऊन बघून या, आणि काय ते एकदाचं लिहून टाका." मी गेलो. रिकाम्या वर्गात खिडकीजवळच्या बाकावर दोन तास बसलो. गुरुजी बाहेर शिकवत होते, आणि दर थोड्या वेळानं खिडकीशी येऊन हळूच विचारत होते, "काही?" मी म्हणायचो, "काही नाही, गुरुजी." ऑफिसात परत येऊन लिहिलं, "प्रत्यक्ष पाहणी केली असता कोणताही हादरा जाणवला नाही. मुख्याध्यापकांच्या प्रकृतीची तपासणी होणे उचित वाटते." दुसरं वाक्य मला कोणी सांगितलं नव्हतं. ते माझं.

मग मीच त्यांना वापीला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी मान इकडे वळव, तिकडे वळव केलं आणि हसत म्हणाले, "जमीन नथी हालती काका, कान हाले छे." जमीन स्थिर आहे, तोल सांभाळणारा कानच बिघडलाय, आणि सकाळ-संध्याकाळ ही गोळी. मला वाटलं, गुरुजी खट्टू होतील. पण परतीच्या वाटेवर त्यांचा चेहरा उजळला होता. "बघा साडूभाऊ, तीस वर्षं मी हेच सांगत नव्हतो? माणसाला जग दिसत नाही, स्वतःचा कान दिसतो! आणि पुरावा कुठे मिळाला, तर माझ्याच डोक्यात." दुसऱ्याच्या सांगण्यावरून स्वतःच्या पायांना खोटं ठरवणारा आणि त्याचा आनंद मानणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोरांना वर्गात आत घेतलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुपारी, ऑफिसात माझ्या मागच्या लोखंडी कपाटाची दारं आपोआप वाजायला लागली. ग्लासातला चहा काठावरून सांडला. कोणीतरी ओरडलं आणि आम्ही सगळे बाहेर पळालो. आवारात उभे असलेले लोक बोलत होते, फोन लावत होते. मी मोटरसायकल काढली.

शाळेपाशी पोचलो तेव्हा पोरं चिंचेखाली गोळा झाली होती. एका वर्गाची कौलं खाली आली होती. तिसरीतल्या एका मुलीच्या हातावर कौल पडून कोपराशी हाड मोडलं होतं, तिला दवाखान्यात नेलं होतं. काय झालं ते शाळेतल्या बाईंनी सांगितलं. "सर, गुरुजी फळ्याशी होते. एकदम त्यांनी टेबल धरलं. मग हसले, खिशातली गोळी काढली आणि पोरांना म्हणाले, 'काही नाही रे, माझ्या कानातलं आहे. पुढे वाचा.' पोरं वाचत राहिली, सर. गुरुजींनी सांगितलं ना."

मग मोठी माणसं आली, यंत्रं बसली, गावात तंबू आले, लोक घराबाहेर राहू लागले. जमीन हलते हे सगळ्यांनी मान्य केलं. गुरुजींचा जबाब झाला. त्यात त्यांनी लिहिलं, "हादरा मला जाणवला होता. मी त्यावर विश्वास ठेवला नाही. चूक माझी आहे." डॉक्टरचं नाव नाही, माझ्या पाहणीचा उल्लेख नाही. त्यांना लेखी ताकीद मिळाली. ती आवक-जावकमध्ये मीच नोंदवली. माझा अहवाल त्याच फायलीत चार पानं खाली होता. कोणी तो उलटून पाहिला नाही, आणि मीही कोणाला दाखवला नाही.

त्या दिवसापासून त्यांचे विनोद थांबले. साक्षीदारांचं नाव निघेना. ओट्यावरून उतरताना ते भिंतीला हात लावून थांबत आणि आत बघून विचारत, "अगं, आत्ता काही हललं का?" ताई म्हणायची, "नाही हो, उतरा तुम्ही." मग ते उतरत, होडीतून उतरल्यासारखे. ताई मला एकदा बाजूला घेऊन म्हणाली, "भूकंपापेक्षा मला यांचीच भीती वाटते. शेतात जायचं तर मला हाक मारतात. या माणसाला स्वतःचं पाऊल टाकता येईना झालंय." मी म्हणालो, "होईल हळूहळू."

२०१९ च्या मे महिन्यात ते निवृत्त झाले. दर रविवारी ते हात मोडलेल्या त्या मुलीच्या घरी जात. पाडा शाळेपासून मैलभर आत. एका रविवारी ताईला बरं नव्हतं, म्हणून बरोबर मी गेलो. मुलीचा हात बरा झाला होता. तिनं तो सरळ करून, वाकवून दाखवला. तिचा बाप, मजुरी करणारा माणूस, आम्हाला खाटेवर बसवून पाणी आणून देत म्हणाला, "गुरुजी, आता नका येत जाऊ एवढं उन्हाचं. पोरगी बरी हाय. तुमी काय मुद्दाम केलं?" गुरुजींनी पाणी संपवलं आणि काठी उचलली.

परत येताना पायवाटेवर ते थांबले. हातातली काठी दोन्ही मुठींनी धरून म्हणाले, "साडूभाऊ, एक विचारू? रागावू नका. तुम्ही दोन तास वर्गात बसला होता. तुम्हाला खरंच काही जाणवलं नव्हतं? तुम्हाला काहीच नसेल जाणवलं तर कौलं पडली त्या दिवसापर्यंत माझा कानच खोटा होता. जाणवलं असेल तर पाय खरे होते. यातलं कुठलं, ते मला कळत नाही. एवढं कळलं तर मला चालता येईल."

आता जे लिहितो आहे ते मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. त्या बाकावर बसलो असताना एकदा, एकदाच, माझ्या मांडीखालचा बाक थरथरला होता. खिडकीच्या गजाला अडकवलेली पट्टी हलली होती, तीही मी पाहिली होती. हायवे तिथून लांब आहे हे मला ठाऊक होतं. तरी मी स्वतःला सांगितलं, ट्रक असेल. लगेच गुरुजी खिडकीशी आले, "काही?" आणि मी म्हणालो, "काही नाही." ऑफिसात हसतील, साडू-साडू एकाच माळेचे म्हणतील, एवढीच भीती होती. त्यांच्या इंद्रियांनी त्यांना कधी फसवलं असेल तर असेल. माझ्या इंद्रियांनी मला अगदी सरळ सांगितलं होतं. मीच त्यांना गप्प केलं.

मी म्हणालो, "जाणवलं होतं, गुरुजी. बाक हलला होता."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग खाली, स्वतःच्या पायांकडे. मला वाटलं, आता बोलतील, आणि जे बोलतील ते मी ऐकून घेईन. त्यांनी फक्त विचारलं, "केव्हा? मी बाहेर कविता शिकवत होतो तेव्हा?" मी मान डोलावली. "हं," ते म्हणाले. "मलाही तेव्हाच."

आणि ते चालायला लागले. काठी बगलेत मारून, भराभर, खालच्या धोंड्यांकडे न बघता. इतक्या महिन्यांत त्यांना तसं चालताना मी पाहिलं नव्हतं. मी मागून चालत होतो. हाक मारायचा धीर झाला नाही. वाटेत एक कोरडा ओढा आहे, त्याचा उतार घसरडा. तिथे ते थांबले. माझ्याकडे वळले नाहीत. नुसता एक हात मागे केला आणि मी तो धरीपर्यंत तसाच ठेवला.