फाटकाचे अकरा गज

कासारवाडीजवळच्या रेल्वे फाटकावर कोंडाजी गेटमन होता. फाटकाला उभे गज अकरा. तीन वर्षांपूर्वी मालगाडीची वाट बघताना त्याने ते गंमत म्हणून पाटीवर उतरवले आणि तो अडकला. ओळीने अकरा एक. वाचायचं तर अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. याला कशाने तरी निःशेष भाग जातो, की ही मूळ संख्या? सातवी पास माणसाला वेड लागायला एवढं पुरलं. रोज एक मूळ संख्या घ्यायची, भागायचं, बाकी उरली की उलट गुणून पडताळायचं. १९५५च्या मेअखेरीस गडी ९०४१वर होता.

मी तेव्हा पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात भरतीचा कारकून. मंचरला मॅट्रिक झालेला, म्हणजे शहाणाच. माझी सायकल रोज त्या फाटकात अडकायची.

"भाऊजी, तुमच्यात जागा निघाल्यात म्हणं? खोली बी देत्यात?" कोंडाजीच्या बायकोने, रंभाने, विचारलं.

"एकतीस तारखेपर्यंत अर्ज."

"ऐका वोऽ!" ती ओरडली. फाटकावरची खोली एवढीशी, की ओरडायची काही गरज नव्हती.

"आकडा मोडला की दुसऱ्या दिवशी राजीनामा," पाटीतून मान न काढता कोंडाजी म्हणाला. "शबूद दिलाय न्हवं?"

"तीन वर्सं मोडतायसा. भनीचं लगीन झालं, तिला पोर झालं, ते रांगाया लागलं. मी हितंच."

मी मंचरच्या गणिताच्या मास्तरांना पत्र टाकलं. उत्तर आलं: याला मूळ भाजक असलाच, तर त्याला बावीसने भागल्यावर बाकी एकच उरेल, इतर संख्यांच्या नादी लागू नकोस. मी धावत फाटकावर गेलो. कोंडाजीने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी त्याला गाडी यायच्या आत फाटक उघडायला सांगतोय.

"शेवटचा डबा डोळ्यानं बघितल्याबिगर मी फाटक उघडत न्हाई. आन् आकडं न बघता सोडू?"

मग मीच बसलो. कचेरीच्या वेळात, कचेरीच्या कागदावर, साडेचारशेच्या आसपास भागाकार. एकोणतीस तारखेला सापडला: २१६४९.

"माझ्यावर विश्वास नको ठेवूस, कोंडाजीभाऊ. एकदा भागून बघ."

त्याने भागलं. ५१३२३९. बाकी शून्य. रंभाने खाटेखालची ट्रंक ओढली. त्याने उलट गुणलं. अकरा एक, ओळीने.

"बरोबर हाय," तो म्हणाला. मग पाटी पुसली आणि वर लिहिलं, ९०४३.

"आता काय?" रंभाचा आवाज फाटला.

"ह्याच्या आदी कुणी न्हाई कशावरनं? मधलं बघाया नगं?"

ती माझ्यामागोमाग बाहेर आली. "बायकांची भरती हाय का?"

"बाटल्या धुवायला."

"माझं नाव लिवा."

पंधरा दिवसांनी ती ट्रंक माझ्या सायकलवर लादून निघाली, तेव्हा फाटक बंद. आम्ही अलीकडे, तो पलीकडे, मध्ये अकरा गज.

"उघडा की वो. गाडीचा आवाज बी न्हाई."

"यील."

आली. त्याने शेवटचा डबा नीट बघितला, मग उघडलं.

"भाकरी धाडीन," ती म्हणाली. "मधलं सरलं की या."

त्याने मान हलवली आणि आमच्या मागे फाटक लावून घेतलं. पुढच्या गाडीला अजून चाळीस मिनिटं होती.