कार्ड बंद करण्याबाबत (सोबत: बादली एक)

विषय: मार्टचे सभासद-क्रेडिट कार्ड बंद करून मिळण्याबाबत.
संदर्भ: १) श्री. भास्कर मेश्राम, सेवानिवृत्त हेडक्लार्क, यवतमाळ यांचा अर्ज. २) स्मरणपत्र एक ते पाच. ३) पोस्टासमोरच्या टपरीवर झालेली तोंडी चर्चा.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, फायलीतले कागद आणि निवृत्त कारकुनाच्या डोक्यातले किस्से दोन्ही कुणी न सांगता वाढतात. फरक इतकाच, की फाईल कधीतरी उंदीर खातो.

आम्ही तिघे एकाच कचेरीतून निवृत्त झालो. मेश्राम हेडक्लार्क, राठोड आवक-जावक सांभाळणारे आणि मी आस्थापनेवर. एखादा अर्ज कसा अडवावा, हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती. अर्ज पुढे कसा सरकवावा, हे मात्र उतारवयात शिकावं लागलं. मार्टचं नाव सांगत नाही. अर्ज विचाराधीन आहे, प्रकरण बिघडायला नको!

*

कापसाची ती वाईट सालं. घरोघर कापूस पडून होता आणि भावाची वाट पाहून तो पिवळा पडत होता. नेमकं त्याच वेळी यवतमाळात मार्ट उघडलं. सभासद व्हा, लगेच क्रेडिट कार्ड घ्या, आज सामान न्या, पैसे सावकाश द्या!

मेश्राम पेन्शनर, त्यांना कार्ड एका दिवसात मिळालं. वर पहिल्या शंभर सभासदांना एक बादली फुकट. निळी, झाकणासकट. ती हातात देऊन फोटोवाला म्हणाला, "काका, जरा हसा की!"

मेश्राम हसले. नोकरीत कुणी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. फोटो पाहून वहिनी एवढंच म्हणाल्या, "आपल्या लग्नात तं असे हासले नाई तुमी!"

*

दोन महिन्यांनी मेश्राम एका लग्नासाठी राळेगावला गेले. एसटीतून उतरले आणि समोर स्वतःलाच पाहिलं. स्टँडच्या भिंतीवर दहा फुटांचा फ्लेक्स. मेश्राम, बादली, हसू. खाली लिहिलेलं: "आमचे समाधानी सभासद."

मेश्रामांचं गाव तिथून जवळच. गावातल्या निम्म्या लोकांचे अर्ज आयुष्यभर त्यांनीच लिहून दिलेले. मेश्रामबाबूंनी लिहिलं म्हणजे बरोबर असणार, अशी तिथली समजूत. मांडवात नामदेव नावाचा त्यांचा बालमित्र पुढे आला आणि खिशातून नवं कोरं कार्ड काढून दाखवलं.

"बाबू, आमाले काय समजते त्यातलं? तुमचा फोटो पाह्यला अन् घेतलं जी! आपल्या गावात सतरा जणायनं घेतलं."

मेश्राम जेवण अर्धं टाकून परतले. दुसऱ्या दिवशी टपरीवर आले ते जबडा आवळूनच.

"ज्या साली कापूस घरात पडून हाय, त्या साली माह्या तोंडानं लोकायले उधारी शिकवून राह्यले! मले हे कार्ड नाई ठेवायचं. अन् तो फोटो उतरवल्याबिगर मी बसत नाई."

राठोड म्हणाले, "अरे, फोटो उतरवा म्हनून फोन कर ना."

"केलता. म्हन्ते, सभासद हाय तोवर फोटो राहीन. फारमावर सही हाय माही."

छत्तीस वर्षं लोकांना "सही करण्यापूर्वी वाचा" सांगणाऱ्या माणसाने फॉर्म न वाचता सही केली होती. बादलीपायी!

*

आम्ही तिघे मार्टमध्ये गेलो. काउंटरवर पल्लवी नावाची मुलगी. तिने कॉम्प्युटरमध्ये बराच वेळ पाहिलं.

"काका, कार्ड बंद करायचं तर आधी सभासदत्व सोडा लागते."

"मंग ते सोडतो."

"पन सभासदत्व सोडायचं तर आधी कार्ड बंद करा लागते."

मेश्राम लालबुंद झाले. राठोडांनी मात्र डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"वाह! छत्तीस वर्सांत आपल्याले असं सुचलं नाई बे!"

*

मेश्रामांनी मग थेट कृती केली. वहिनींच्या अडकित्त्याने कार्डाचे चार तुकडे केले, पाकिटात घातले आणि हेड ऑफिसला रजिस्टर पोस्टाने धाडले. सोबत एक ओळ: "कार्ड परत करीत आहे."

पंधरा दिवसांनी हेड ऑफिसचं जाड पाकीट आलं. मेश्रामांनी आमच्यासमोर, विजयी मुद्रेने उघडलं. आत लिहिलेलं: "आपले कार्ड खराब झाल्याचे समजले. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

सोबत नवं कार्ड. सोनेरी!

*

"लेखी जाऊ," मी म्हणालो. लेखी गेलो. मेश्रामांनी दोन पानी अर्ज लिहिला, मुद्देनिहाय. पल्लवीने तो घेतला आणि ड्रॉवरमध्ये टाकला.

"पोच?" मेश्राम म्हणाले.

"म्हंजे?"

"आवक नंबर?"

"ते काय असते, काका?"

राठोडांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. एवढं मोठं दुकान, वातानुकूलित, आणि आवक रजिस्टर नाही! ते तसेच बाहेर गेले, स्टेशनरीच्या दुकानातून जाड रजिस्टर आणलं आणि तिथेच काउंटरवर पट्टी धरून रकाने आखले. अनुक्रमांक, दिनांक, कोणाकडून, विषय, सोबतची कागदपत्रे, शेरा. नंतर तासभर त्यांनी पल्लवीला शिकवलं. गिऱ्हाईक खोळंबलं, पण राठोडांनी त्या तासात मिळवलेलं सुख मी त्यांच्या सेवानिवृत्तीच्या समारंभातही पाहिलं नव्हतं.

"पोरी, एक ध्यानात ठेव. अर्जासंगं जे जे जोडलं, त्या हरेक गोष्टीवर अर्जदाराची सही पाह्यजे. नसली तं वापस!"

पल्लवीने मान डोलावली आणि मेश्रामांच्या अर्जावर लिहिलं: आवक क्र. १.

*

महिना गेला, उत्तर नाही. मेश्रामांना वाटलं, बादली आपल्याकडे आहे म्हणून प्रकरण अडलं असावं. वहिनी म्हणाल्या, "कार्ड देऊन टाका, पन बादली चांगली हाय जी!" मेश्रामांनी ऐकलं नाही. पहिलं स्मरणपत्र लिहिलं, खाली "सोबत: बादली एक" अशी नोंद केली आणि दोन्ही घेऊन काउंटरवर हजर झाले.

पल्लवीने पत्र वाचलं. बादली फिरवून फिरवून पाहिली. झाकण उघडून आत पाहिलं.

"काका, बादलीवर तुमची सही नाई. तुरटी हाय कागदात. पूर्ण करून आना."

"त्रुटी," राठोड हळूच म्हणाले आणि त्यांनी रुमालाने डोळे पुसले. "तयार झाली पोरगी!"

मेश्रामांनी बादलीवर सही केली. काळ्या मार्करने, दिनांकासह, खाली हुद्दा लिहून.

*

राळेगावचा बाजार असतो त्या दिवशी सकाळची एसटी धरून स्टँडवर जायचं, हे मेश्रामांनी त्यानंतर सुरू केलं. घरून स्टूल न्यायचे आणि बरोबर आपल्या फोटोखाली बसायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगायचे, "हा फोटोतला मी हाय. अन् मी सांगून राह्यलो, हे कार्ड घेऊ नका."

एकदा मीही सोबत होतो. एक म्हातारी भाजीची टोपली खाली ठेवून कधी फोटोकडे, कधी मेश्रामांकडे पाहत होती.

"नाई बाप्पा, हा तो नोहे. तो माणूस हासते तरी!"

मग मुकुटबनकडचा एक शेतकरी पुढे आला. त्याने मुद्द्याचं विचारलं.

"कार्ड एवढं वाईट हाय, तं मंग फोटोत कायले हासले जी?"

मला वाटलं, आता मेश्राम दोन पानी उत्तर देणार. त्यांनी खाली पाहिलं आणि म्हणाले,

"बादली फुकट होती."

शेतकऱ्याने वर खाली मान हलवली. खिशातला कार्डाचा फॉर्म काढला, फाडला आणि चालता झाला. मेश्रामांच्या सगळ्या आयुष्यात एका वाक्यात निकाली निघालेलं हे पहिलंच प्रकरण!

त्या दिवसापासून मेश्राम फ्लेक्सखाली बसून लोकांचे अर्ज लिहू लागले. विषय एकच. पहिला अर्ज नामदेवचा.

*

मार्टच्या मॅनेजरने एकदा त्यांना केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. "सर, तुम्हाला आयुष्यभराचं प्लॅटिनम सभासदत्व देतो. नवा फोटो काढू, वहिनींसोबत!"

मेश्राम म्हणाले, "साहेब, चहा चांगला हाय. अर्जाचं काय झालं?"

*

परवा पाचवं स्मरणपत्र द्यायला आम्ही तिघे गेलो. दुपार होती, गर्दी नव्हती. काउंटरच्या मागे मेश्रामांची निळी बादली होती, सहीचा भाग पुढे करून ठेवलेली. बादलीत सगळे अर्ज क्रमवार, सुतळीने बांधलेले.

"हेड ऑफिसले दोनदा नकला पाठवल्या, काका. तिकून काई येत नाई," पल्लवी म्हणाली. "पन माहं रजिस्टर पाहा तुमी."

राठोडांनी चष्मा लावून रजिस्टर तपासलं. क्रमांक एक, मेश्राम; स्मरणपत्रं त्याच क्रमांकाखाली. क्रमांक दोन, नामदेव. पुढे गावातले उरलेले सोळा. अक्षर सुवाच्य, रकाने भरलेले, कुठे खाडाखोड नाही. राठोडांचं बोट खाली सरकत शेवटच्या नोंदीवर थांबलं. तिथेच राहिलं. मग त्यांनी रजिस्टर मेश्रामांकडे वळवलं.

अनुक्रमांक: १९. कोणाकडून: कु. पल्लवी, काउंटर. विषय: नोकरीला लागताना घ्यावे लागलेले कार्ड बंद करून मिळण्याबाबत. सोबत: काही नाही. शेरा: पोच दिली, पल्लवी. पोच मिळाली, पल्लवी.

मेश्रामांनी ते दोनदा वाचलं. मग खिशातून पेन काढलं, तिचा अर्ज बादलीतून मागून घेतला, एका ठिकाणी स्वल्पविराम घातला आणि परत दिला.

"आता बरोबर हाय," ते म्हणाले.

राळेगावच्या स्टँडवर फ्लेक्स अजून आहे. त्याच्याखाली बाजाराच्या दिवशी मेश्रामही आहेत. आवक क्रमांक एक ते एकोणीस हे सर्व अर्ज आजमितीस प्रलंबित आहेत.