सात नंबरच्या चौघी

अमेरिकेतले बास्केटबॉलचे सामने आपल्याकडे सकाळी दिसतात, ही त्या देशाची आमच्या घरावर मोठीच मेहेरबानी आहे. वणीत आमच्या स्वयंपाकघरात बाबा सकाळी मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवतात आणि मी कचेरीत जायच्या आधी आम्ही दोघं भांडून घेतो. बाबा राजूरच्या कोळसा खाणीत नोकरीला होते, तरुणपणी खाणीच्या संघातून खेळले. मी विद्यापीठापर्यंत खेळले आणि चव्वेचाळिशीतही गुडघ्याला पट्टा बांधून खेळत होते.

भांडण ठरलेलं. एखाद्या संघानं तीन-चार नामांकित खेळाडू एकत्र आणले की मी म्हणायची, यंदा चषक यांचाच. बाबा चहाचा घोट घेऊन म्हणत, "सारेच पंगतीले बसले, तं वाढीन कोन?" नवख्या खेळाडूंवरूनही तेच. ज्याचा फार गाजावाजा चाललाय, त्याचे ओठ पिळले तर अजून दूध निघेल, असं माझं मत. बाबा मात्र त्यानं बास्केट किती केल्या ते बघतच नसत. चेंडू हातात नसताना तो कुठं पळतो, तेवढंच बघत. मला चिडवायलाच ते असं करतात, याबद्दल माझी खात्री होती.

मी चिडायचीही लवकर. कारण समोरच्या कपाटात होतं. वरच्या फळीवर बाबांच्या संघाचा चषक, खालच्या फळीवर माझी उपविजेतेपदाची पदकं. तीस वर्षं खेळून माझ्या नावावर एकही चषक नव्हता, आणि गुडघा बघून डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे वर्ष शेवटचं समजा.

अशात दारव्ह्याला महिलांची खुली स्पर्धा जाहीर झाली. मी लगेच फोन लावले. विद्यापीठाच्या काळात जिल्ह्यात ज्या चौघींचं नाव होतं, त्या चौघींना बोलावलं. एक आता पोलिसात, एक डॉक्टर, एक शाळेत क्रीडाशिक्षिका आणि एक घरची कपाशी-तुरीची शेती बघणारी. चौघीही आपापल्या संघात सगळ्यात जास्त बास्केट करणाऱ्या. पाचवी मी, म्हणजे तीच गत. राखीव म्हणून आमच्या कचेरीत नुकतीच लागलेली राजूरची एक मुलगी घेतली, तीही बाबांनी तिला खाणीच्या कॉलनीतल्या मैदानावर पाहिलं होतं आणि माझं डोकं खाल्लं होतं म्हणून.

"तुहा संघ जिंकला तं साऱ्याईले तर्री-पोहे माह्याकडून," बाबांनी पैज लावली.

जर्सी शिवायच्या आधी मी प्रत्येकीला नंबर विचारला. डॉक्टर म्हणाली सात. पोलीस म्हणाली सात. उरलेल्या दोघीही सातच म्हणाल्या. आता घरी बोलावलेल्या पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं? मी चारही जर्सींवर सात छापून घेतला. पहिल्या सामन्यात रेफ्रीनं शिट्टी वाजवली, "सात नंबर, फाउल!" आणि चौघींनी एकमेकींकडे बघितलं. सामना थांबला. शेवटी डॉक्टरच्या पिशवीतली पांढरी चिकटपट्टी काढली आणि तिघींच्या साताआधी एक, दोन, तीन असे आकडे चिकटवले. चौथीचा सात तसाच राहिला, म्हणून उरलेल्या तिघी दिवसभर तिच्याशी नीट बोलल्या नाहीत.

समोरचे संघ कच्चे होते, त्यामुळे आम्ही अंतिम सामन्यात पोचलो. तो रविवारी सकाळी होता. समोर कॉलेजच्या मुली, नाव कुणाचंच ऐकलेलं नाही, पण पळत होत्या अशा की बघून मलाच धाप लागली. आमच्यात ज्या बाईच्या हाती चेंडू जाई, ती थेट बास्केटकडे बघे. पास द्यायचा असतो हे मीसुद्धा विसरले होते. चेंडू गेला की मागं धावायला कुणीच नाही. थोडीच मिनिटं उरली तेव्हा आम्ही पाच गुणांनी मागं होतो. मी टाइम-आउट घेतला. मागून प्रेक्षकांतून बाबांचा आवाज आलाच, "वाढीन कोन?"

नव्या मुलीला आत घ्यायला हवं, हे मला केव्हाच कळलं होतं. प्रश्न होता कुणाला बाहेर काढायचं. त्या चौघी माझ्या शब्दाखातर घरदार सोडून आल्या होत्या. बोलावलेल्या पाहुण्याला भरल्या पानावरून उठवायचं, हे आमच्याकडे कुणी केलेलं मी पाहिलेलं नाही. म्हणजे यजमानीणच उरली. मी हे मोठ्या मनानं केलं असं सांगायला आवडलं असतं, पण ते खोटं होईल. मला रडू येत होतं. शेवटचं वर्ष, शेवटचा सामना, आणि मी पट्टा सैल करून बाकावर जाऊन बसले.

ती मुलगी आत गेली आणि तिनं एकदाही शॉट मारला नाही. मागं पळाली, हुकून परतलेले रिबाउंड घेतले, जी मोकळी दिसेल तिला चेंडू दिला. चौघी आधी गोंधळल्या, मग त्यांनाही सवय लागली. अगदी शेवटी आम्ही एका गुणानं मागं असताना ती बास्केटखाली एकटी सापडली. सगळं मैदान "मार, मार!" ओरडलं, मीही ओरडले. तिनं कोपऱ्यातल्या पोलीसबाईकडे पास दिला. पोलीसबाईनं बास्केट केली आणि शिट्टी वाजली. मी गुडघा विसरून उडी मारली, ती नंतर आठवडाभर भोगली.

मग सगळे बाजाराजवळच्या पोह्याच्या गाडीवर. बाबांनी गाडीवाल्याच्या हातातून झणझणीत तर्रीच्या रश्श्याचा पळा घेतला आणि स्वतः वाढायला उभे राहिले. पैज हरलेला माणूस इतका खूश मी कधी पाहिला नव्हता. चषक मधल्या बाकावर ठेवला होता, त्यात कुणीतरी लिंबाच्या फोडी टाकल्या.

नवी मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही काहून उठल्या? आपल्या संघात सगळ्यात जास्त बास्केट तं तुमच्याच होत्या."

"पाहुण्यांना कसं उठवणार?" मी म्हटलं.

बाबा माझ्या पोह्यांवर तर्री घालत होते. ते थांबले. तीस वर्षांत त्यांनी माझ्या एकाही सामन्याचं कौतुक केलं नव्हतं. कोपर वाकलं, पाय चुकला, एवढंच सांगायचे.

"आज खेळली तू," ते म्हणाले.

"बाबा, मी बाकावर बसले होते."

"तेच तं म्हणून राह्यलो," असं म्हणून त्यांनी मला आणखी एक पळा तर्री वाढली. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. गाडीवाल्यानं ते पाहिलं आणि तर्री जास्त तिखट झाली म्हणून माफी मागितली.